गिरणा खोऱ्यातली शहरं एकत्र आली तर पैसा कोणी किती भरायचा आणि मत कोणाचं किती? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मालेगाव, चाळीसगाव, भडगाव, पाचोरा, जळगाव ही पाचही शहरं गिरणेच्या खोऱ्यातली. तरी प्रत्येक पालिका आपापल्या जॅकवेलपुरतं, म्हणजे नदीतून पाणी उचलायच्या विहिरीपुरतं बघते. उन्हाळा लागला की आवर्तन, म्हणजे धरणातून ठरवून सोडलं जाणारं पाणी, कधी सुटणार याची वाट सगळे पाहतात. पावसाळा लागला की नदीचा विषय अजेंड्यावरून उतरतो. या शहरांनी मिळून पाणलोटाची कामं, पाण्याची मोजणी, सांडपाणी आणि नदीपात्राची राखण यांसाठी कायमची भागीदारी उभी करावी, असं आम्ही काहीजण मांडतो आहोत. अशी भागीदारी आज अस्तित्वात नाही. त्यामुळे खालचे रुपयांचे आणि मतांचे आकडे उदाहरणादाखल घेतले आहेत. प्रश्न मात्र खरे आहेत, बैठकांतून पुन्हा पुन्हा येणारे.

भागीदारी म्हणजे धरणावर शहरांचा ताबा का?

नाही. गिरणा धरण जलसंपदा विभागाचं आहे आणि ते तसंच राहील. पिण्यासाठी किती साठा राखून ठेवायचा, हे पावसाळ्यानंतर 15 ऑक्टोबरचा साठा बघून शासनाच्या बैठकीत ठरतं. सिंचनाच्या आवर्तनांची चर्चा कालवा सल्लागार समितीत होते. या कशातच भागीदारी हात घालणार नाही.

तिने करायची कामं ती, जी आज कोणाचीच नाहीत. कळवण-बागलाणच्या डोंगरात समतल चर खोदले तर खाली गाळ कमी येतो, पण त्यासाठी भडगावची पालिका पैसे देत नाही, कारण ते तिच्या हद्दीत नाही. मालेगावातून वाहणाऱ्या मोसम नदीचं पाणी कुठे किती घाण आहे हे दर महिन्याला मोजायला हवं, पण पाचोऱ्याने ते का मोजावं? नदी एकसंध वाहते आणि पालिकांच्या हद्दी तुटक आहेत. त्या फटीत ही कामं पडून राहतात.

हे तर जिल्हा नियोजन समितीचं काम झालं. नवं खूळ कशाला?

प्रश्न रास्त आहे. राज्यघटनेच्या 243 झेडडी या अनुच्छेदात जिल्हा नियोजन समितीने पंचायती आणि नगरपालिका यांच्यातल्या पाणीवाटपाचा विचार करावा असं स्पष्ट लिहिलं आहे. समितीचे किमान चार पंचमांश सदस्य पंचायती आणि नगरपालिकांतून निवडून यायचे, तेही जिल्ह्याच्या ग्रामीण आणि शहरी लोकसंख्येच्या प्रमाणात. म्हणजे कोणाला किती आवाज द्यायचा याचा विचार घटनेनेच एकदा करून ठेवला आहे.

अडचण इतकीच की समिती जिल्ह्याची असते आणि खोरं मुख्यतः दोन जिल्ह्यांत आहे. नदी उगम पावते नाशिक जिल्ह्यात, चणकापूर धरण कळवण तालुक्यात, गिरणा धरण नांदगाव तालुक्यात, आणि त्या धरणाकडे डोळे लावून बसलेली बहुतेक गावं जळगाव जिल्ह्यात. नाशिकच्या समितीत पाचोऱ्याला खुर्ची नाही आणि जळगावच्या समितीत मालेगावला नाही.

खर्च नेमका कशाचा येणार?

दोन ढीग आधीच वेगळे करा. बैठकीतली निम्मी भांडणं हे दोन ढीग एकत्र झाल्यामुळे होतात.

पहिला ढीग सामाईक खर्चाचा. एक सचिव, एक हिशेबनीस, पाणी मोजणारी यंत्रणा, पाण्याच्या तपासण्या, वर्षाचं लेखापरीक्षण. हा खर्च कोणा एका शहरासाठी नसतो आणि कोणी बाहेर राहिलं म्हणून कमीही होत नाही.

दुसरा ढीग कामांचा. इथे पहिला नियम असा ठेवा की जो भाग फक्त एका शहरासाठी आहे, तो त्या शहराने भरायचा. समजा एखाद्या बंधाऱ्याच्या कामात चाळीसगावसाठी म्हणून जादा पाइपलाइन टाकावी लागली, तर तेवढा खर्च चाळीसगावचा. तो बाजूला काढून जे उरेल तेच वाटायचं. मोठ्या धरणांचा खर्च सिंचन, वीज आणि पूरनियंत्रण यांत वाटताना अनेक ठिकाणी हीच रीत वापरतात: ज्याचं त्याला आधी चिकटवा आणि उरलेलं लाभाच्या प्रमाणात वाटा.

सामाईक खर्च समान वाटायचा की लोकसंख्येप्रमाणे?

आकडे समोर ठेवून बोलू. 2011 च्या जनगणनेचे आकडे ढोबळ केले आणि दहा हजार माणसांना एक एकक धरलं, तर मालेगाव 48, जळगाव 46, चाळीसगाव 10, पाचोरा 6, भडगाव 4. एकूण 114. वर्षाचा सामाईक खर्च समजा 1 कोटी रुपये.

समान वाटला तर प्रत्येकाला 20 लाख. भडगावकराच्या डोक्यावर 50 रुपये आणि मालेगावकराच्या डोक्यावर चार रुपये. हे कोणत्याच सभेत मंजूर होणार नाही, होऊही नये.

पूर्ण लोकसंख्येप्रमाणे वाटला तर मालेगाव 42 लाख, जळगाव 40 लाख, चाळीसगाव पावणेनऊ, पाचोरा सव्वापाच, भडगाव साडेतीन. माणशी सगळीकडे पावणेनऊ रुपयांच्या आसपास. वरवर स्वच्छ दिसतं. पण लोकसंख्या मोठी म्हणजे तिजोरी मोठी असं नसतं. मालेगाव यंत्रमागावर जगणारं शहर आहे. तिथली डोकी मोजून पैसे मागायचे आणि जळगावच्या बाजारपेठेकडून तेवढ्याच दराने घ्यायचे, हा न्याय अर्धाच झाला.

माझी शिफारस तीन भागांची. 10 टक्के समान, कारण सभेची एक खुर्ची, एक नोटीस आणि एक हिशेबपत्रक यांचा खर्च शहर केवढंही असलं तरी सारखाच येतो. 50 टक्के नदीतून उचललेल्या पाण्याच्या प्रमाणात. उरलेले 40 टक्के पालिकेच्या स्वतःच्या वसुलीच्या प्रमाणात, म्हणजे मालमत्ता कर आणि पाणीपट्टी. अनुदानं त्यात धरायची नाहीत.

पाण्याची खरी मोजणी सुरू होईपर्यंत तात्पुरतं 10 टक्के समान आणि 90 टक्के लोकसंख्येवर चालवता येईल. त्यात भडगावला 5 लाख 16 हजार येतात, माणशी 13 रुपये. मालेगावला 39 लाख 90 हजारांच्या आसपास, माणशी सव्वाआठ. छोट्या शहराला माणशी थोडं जास्त पडतं हे खरं. पण त्या बदल्यात त्याला पूर्ण एक खुर्ची मिळते, आणि तिची किंमत पुढे मतांच्या प्रश्नात दिसेल. ही तात्पुरती वाटणी दोन वर्षांपलीकडे जाऊ देऊ नका. तात्पुरतं म्हणून सुरू केलेलं आपल्याकडे कायमचं होऊन बसतं.

जळगावला आता वाघूर धरणाचं पाणी आहे. आम्ही गिरणेसाठी पैसे का द्यायचे?

उचललेल्या पाण्याच्या भागात जळगावचा आकडा लहान येईल, आणि तो लहानच यायला हवा. म्हणून तर सगळा खर्च लोकसंख्येवर टाकू नका असं म्हणतो. पण शून्य येणार नाही. जळगावच्या घरांना, रस्त्यांना लागणारी वाळू बहुतांश याच नदीच्या पात्रातून गेली आहे. पात्र खरवडलं की काठच्या विहिरी उतरतात, आणि त्या विहिरींवर पिकणारी भाजी जळगावच्याच बाजारात येते. शिवाय एकाच धरणावर अवलंबून असलेल्या शहराने दुसरी नदी जिवंत ठेवणं हा स्वतःचाच विमा आहे.

पाणी मोजायचं कुठे? धरणाच्या दारात की आमच्या जॅकवेलवर?

हा प्रश्न सगळ्यांत कमी विचारला जातो आणि खरं तर सगळ्यांत आधी विचारायला हवा.

उन्हाळ्यात पिण्याचं आवर्तन सुटतं तेव्हा काय होतं ते नदीकाठच्या कोणालाही विचारा. पात्र कोरडं ठणठणीत असतं. धरणातून निघालेलं पाणी पहिल्यांदा वाळू पिते. जिथे वाळू उपशाचे खड्डे आहेत तिथे ते आधी खड्डे भरतं, मग पुढे सरकतं. जामदा बंधारा, मग पुढचे बंधारे, मग दहिगाव, आणि अगदी शेवटी कानळदा. पाणी पोहोचायला दिवसच्या दिवस लागतात. मधल्या काळात काठावरचे कृषिपंप बंद राहावेत म्हणून वीजपुरवठा तोडला जातो, पथकं फिरतात. एवढं करूनही धरणातून सुटलं किती आणि शेवटच्या गावाला मिळालं किती यात मोठी तफावत राहते.

आता ही तूट कोणाच्या खात्यावर टाकायची? धरणाच्या दारात मोजलं तर शेवटच्या शहराने न मिळालेल्या पाण्याचे पैसे भरायचे. जॅकवेलवर मोजलं तर वाटेत जिरलेलं पाणी कोणाचंच नाही, म्हणजे ते वाचवण्यात कोणालाच रस नाही. दोन्ही चूक आहेत.

माझ्या मते शहराचा वाटा जॅकवेलवरच मोजावा. वाटेतली तूट भागीदारीच्या सामाईक खात्यात वेगळी ओळ म्हणून दाखवावी आणि सगळ्यांनी मिळून भरावी. ती ओळ दर वर्षी सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आली की पात्रातले खड्डे, फुटके दरवाजे आणि चोरटे पंप यांवर खर्च करायला कोणाला पटवावं लागणार नाही. गिरणेवरच्या सात बलून बंधाऱ्यांची (फुगवता येणाऱ्या रबरी बंधाऱ्यांची) चर्चा इतकी वर्षं चालू आहे. त्या चर्चेतही कोणत्या टप्प्यात किती पाणी जिरतं याचा सगळ्यांनी मान्य केलेला आकडा टेबलावर असेल, तर बोलण्याला वजन येईल.

वरच्या गावांसाठी खालच्यांनी पैसे का मोजायचे?

कारण काम तिथे स्वस्त पडतं. डोंगरउतारावरची माती जागेवर थांबवणं आणि तीच माती धरणाच्या तळातून उपसणं, यांच्या खर्चाची तुलनाच होत नाही. न्यूयॉर्क शहराने 1997 मध्ये आपल्या धरणांच्या वरच्या गावांशी करार केला आणि त्यांच्या जमिनी, सांडपाणी, गोठे नीट ठेवण्यासाठी पैसे दिले. गाळणी प्रकल्प बांधण्यापेक्षा ते स्वस्त पडणार होतं, हा त्यामागचा साधा हिशेब.

पण देणंघेणं एकाच दिशेने होत नाही. मोसम नदी मालेगावच्या मधून वाहते, शहराचं सांडपाणी पोटात घेऊन गिरणेला मिळते, आणि ते पाणी पुढे गिरणा धरणात जातं. तेव्हा डोंगरातल्या कामासाठी खालच्यांनी द्यावं आणि सांडपाण्यासाठी वरच्या शहराने द्यावं. प्रक्रिया केंद्र उभं करण्याचा खर्च हा मालेगावचा स्वतःचा. ते ठरल्याप्रमाणे चालतं का हे तपासण्याचा खर्च भागीदारीचा. ही विभागणी करारात स्पष्ट लिहा. नाहीतर एक शहर म्हणेल आम्ही गाळ अडवतो, दुसरं म्हणेल आम्ही घाण पितो, आणि वर्ष तसंच जाईल.

"पैसा आमना नि मत तुमनं, हाई कसं चाली?"

अहिराणीत विचारला की हा प्रश्न जास्त झोंबतो. भावना समजण्यासारखी आहे: जो 40 लाख भरतो त्याचं मत आणि जो पाच लाख भरतो त्याचं मत सारखं कसं?

याचं उत्तर खान्देशातच आहे. पांझरा, मोसम, आरम या नद्यांवर फड पद्धत शेकडो वर्षं चालली. बंधाऱ्यातून पाट काढायचा, भिजणाऱ्या जमिनीचे फड, म्हणजे मोठे तुकडे, पाडायचे आणि एका फडात एकच पीक घ्यायचं. बहुतेक शेतकऱ्यांची जमीन प्रत्येक फडात थोडी थोडी असे. त्यामुळे पाणी कमी पडलं आणि एक फड कोरडा ठेवायचा ठरलं, तरी झळ सगळ्यांना सारखी बसे. पाट आणि पिकं सांभाळणारे पाटकरी, हवालदार, जागल्या यांचा मोबदला जमिनीच्या प्रमाणात निघायचा. ज्याची जमीन जास्त त्याने जास्त द्यायचं. पण यंदा कोणत्या फडाला काय आणि किती पाणी, हे पंच मंडळी सगळ्यांना बसवून ठरवत. जास्त धान्य दिलं म्हणून कोणाला पाटाचं दार आपल्या शेताकडे वळवता येत नव्हतं.

पैसे आणि मत ही दोन वेगळी मापं आहेत. पैसे किती भरायचे हे तुम्ही नदीकडून किती घेता आणि तुमची ऐपत किती यावरून ठरावं. मत किती हे त्या निर्णयाची झळ तुम्हाला किती बसते यावरून ठरावं. दोन्ही एकाच तराजूत टाकली की श्रीमंत शहर मत विकत घेतं, किंवा लहान शहर दुसऱ्याच्या पैशावर हुकूम चालवतं. सहकारातही आपण हेच मान्य केलं आहे: शेअर कितीही असोत, सभासदाला मत एकच.

मग लोकसंख्येप्रमाणे मतं दिली की झालं ना?

इथे सावध राहा. मतांचा आकडा आणि मतांची ताकद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

अमेरिकेत न्यूयॉर्कजवळच्या नॅसॉ काउंटीत 1960 च्या दशकात मंडळावरच्या सहा प्रतिनिधींना 31, 31, 28, 21, 2 आणि 2 अशी मतं होती. एकूण 115, बहुमत 58 चं. जॉन बान्झाफ या कायदेतज्ज्ञाने 1965 मध्ये दाखवून दिलं की पहिल्या तिघांपैकी कोणतेही दोघे एकत्र आले की ठराव मंजूर. आणि त्या तिघांपैकी एकालाच बाकी सगळे मिळाले तरी 58 होत नाहीत. करून बघा: 31 अधिक 21 अधिक 2 अधिक 2, बेरीज 56. म्हणजे 21 मतं हातात असलेल्या प्रतिनिधीचं मत कधीच, कोणत्याही ठरावात, निर्णायक ठरू शकत नव्हतं. त्याला मतदानाचा हक्क होता, ताकद शून्य होती.

आता दहा हजार माणसांना एक मत धरून आपले आकडे घ्या. 48, 46, 10, 6, 4. एकूण 114, साधं बहुमत 58. मालेगाव आणि चाळीसगाव मिळून बरोबर 58, ठराव मंजूर. जळगाव आणि चाळीसगाव मिळून 56, नामंजूर. जळगाव-चाळीसगाव-भडगाव 60, मंजूर. जळगाव-पाचोरा-भडगाव पुन्हा 56, नामंजूर. म्हणजे साध्या बहुमतात लहान शहरांना थोडं वजन राहतं, पण सगळं काठावर. एखाद्या शहराची लोकसंख्या जरा हलली की काल मंजूर होणारी युती उद्या नामंजूर. 2011 नंतर जनगणनेचे नवे आकडे आलेले नाहीत, आणि इतक्या जुन्या आकड्यांवर इतका काठावरचा डोलारा उभा करणं बरं नव्हे.

लहान शहरांच्या रक्षणासाठी दोन तृतीयांश बहुमत ठेवलं तर?

पहिल्या झटक्यात हा उपाय सगळ्यांना पटतो, आणि नेमका तोच लहान शहरांच्या मुळावर येतो.

114 चे दोन तृतीयांश 76. मालेगाव अधिक जळगाव 94, मंजूर. मालेगाव अधिक तिन्ही लहान शहरं 68, नामंजूर. जळगाव अधिक तिन्ही लहान 66, नामंजूर. आता नीट बघा. दोन मोठी शहरं "हो" म्हणाली तर लहानांच्या "नाही"ला अर्थ नाही. दोघांतलं एक "नाही" म्हणालं तर लहानांच्या "हो"ला अर्थ नाही. चाळीसगाव, पाचोरा, भडगाव यांची 20 मतं कागदावर राहतील आणि कोणत्याही ठरावाच्या निकालात त्यांचा फरक पडणार नाही. साध्या बहुमतात जी ताकद होती तीही गेली.

म्हणून माझी कळकळीची विनंती: मतांचं कोष्टक सभेपुढे आलं की हात वर करण्याआधी कागद-पेन घ्या. पाच शहरांच्या युत्या मोजायला अर्धा तास पुरतो. ज्या युतीत तुमचं शहर आल्यामुळे निकाल बदलतो, अशी एकही युती सापडली नाही, तर त्या कोष्टकाला विरोध करा.

मग कोणती पद्धत ठेवायची?

दुहेरी मोजणी. ठराव मंजूर व्हायला दोन्ही अटी पूर्ण हव्यात: लोकसंख्येच्या मापाने 58 मतं, आणि पाचपैकी किमान तीन शहरं.

आता मालेगाव आणि जळगाव यांना मिळून काही करायचं असेल तर तिसरं शहर सोबत घ्यावंच लागेल, भले ते भडगाव असो. तीन लहान शहरं मिळून मोठ्यांवर काही लादू शकत नाहीत, कारण त्यांची मतं 20 च. मालेगाव-पाचोरा-भडगाव जमतं, जळगाव-चाळीसगाव-पाचोरा जमतं. प्रत्येक शहराचं मत कुठे ना कुठे निर्णायक ठरतं. ज्या खुर्चीसाठी भडगाव माणशी चार-पाच रुपये जास्त भरतं, ती खुर्ची इथे कामाला येते.

पैशाच्या बाबतीत आणखी एक कुंपण हवं. कोणत्याही शहराचा वार्षिक वाटा आधीच्या वर्षापेक्षा 10 टक्क्यांहून जास्त वाढवायचा असेल, तर त्या शहराच्या स्वतःच्या सर्वसाधारण सभेचा ठराव लागेल. इतरांच्या बहुमताने कोणाच्या घरपट्टीवर बोजा टाकता येणार नाही.

एखाद्या शहराने वाटा थकवला तर मत काढून घ्यायचं?

अमेरिकेतल्या डेलावेर नदीच्या आयोगाचा अनुभव बघा. 1961 मध्ये चार राज्यं आणि केंद्र सरकार यांनी मिळून तो स्थापन केला. पाचही जणांना एकेक मत, पण खर्चाचा ठरलेला वाटा वेगवेगळा: पेनसिल्व्हेनिया आणि न्यू जर्सी प्रत्येकी 25 टक्के, केंद्र 20, न्यूयॉर्क साडेसतरा, डेलावेर साडेबारा. 1990 च्या दशकाच्या मध्यापासून केंद्राने आपला वाटा जवळजवळ भरलाच नाही. मत मात्र कायम राहिलं. आयोग मोडला नाही, पण भार इतरांवर आणि आयोगाच्या स्वतःच्या शुल्कांवर पडला.

आपल्याकडे थकबाकी ही अपवादाची गोष्ट नाही, तेव्हा नियम आधीच लिहून ठेवा. एक वर्ष थकलं तर नोटीस. दुसरं वर्ष थकलं तर नव्या कामांच्या ठरावांवर त्या शहराचं मत स्थगित, आणि तेवढ्या काळापुरती बहुमताची मोजणी उरलेल्या शहरांवर. पण पाण्याची आकडेवारी, पुराचे इशारे, प्रदूषणाच्या तपासण्या यांतून त्या शहराला कधीही वगळायचं नाही. ऑगस्ट 2021 च्या शेवटी तितूर आणि डोंगरी नद्यांचा पूर चाळीसगावात शिरला. अशा रात्री कोणाची वर्गणी बाकी आहे हे बघून निरोप द्यायचा नसतो.

पालिकेवर प्रशासक असेल तर मत कोण देणार?

गेल्या काही वर्षांत राज्यातल्या अनेक पालिकांवर दीर्घकाळ प्रशासक होते, त्यामुळे प्रश्न काल्पनिक नाही. प्रशासकाने रोजच्या कामांवर मत द्यावं. वाटणीचं सूत्र किंवा मतांचं कोष्टक बदलण्याच्या ठरावावर मात्र निवडून आलेली सभा बसेपर्यंत थांबावं.

खेड्यांना काय जागा?

मत असलेली जागा. यात तडजोड नको. नांदगाव तालुक्यातली 56 खेडी योजना गिरणा धरणावरच आहे, आणि काठावरच्या कितीतरी ग्रामपंचायतींच्या विहिरी आवर्तनाच्या ओलीवर जगतात. नदीचं पात्र बहुतांश त्यांच्याच हद्दीत आहे. वाळूची राखण करायची तर ती ग्रामसभेशिवाय कशी होणार?

सुरुवातीला धरणाच्या वरच्या आणि खालच्या ग्रामपंचायतींना एकेक सामाईक जागा, आणि पाणीवापर संस्थांना एक जागा असं करता येईल. 2005 च्या कायद्याखाली शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्था स्थापन होतात, तिथून प्रतिनिधी मिळेल. या तिघांना शहरांच्या मोजणीत धरा, म्हणजे पाचपैकी तीनऐवजी आठपैकी पाच. लोकसंख्येच्या मापात त्यांचं वजन किती, हे पहिल्या वर्षी बसून ठरवावं लागेल. ग्रामपंचायतींकडून वर्गणी नाममात्र घ्या. श्रमदान आणि राखण हाच त्यांचा वाटा मोजा आणि तो हिशेबात रुपयांनी लिहा. फडाच्या पाटाची वर्षाची साफसफाई अशीच सगळ्यांच्या हातांनी होत असे.

सटाणा, कळवण, नांदगाव या गावांना का घेतलं नाही?

उदाहरण सोपं राहावं म्हणून. त्यांना घ्यायलाच हवं. शहरं वाढली की मतांच्या युत्या पुन्हा मोजाव्या लागतील, एवढं लक्षात ठेवा. पाचांसाठी बरोबर बसलेलं कोष्टक आठांसाठी बसेलच असं नाही.

पालिकांकडे पगाराला पैसे नाहीत, हा खर्च कुठून काढायचा?

सामाईक खर्च स्वतःच्या उत्पन्नातूनच काढावा, मग तो कितीही छोटा ठेवावा लागला तरी चालेल. उसन्या पैशावर उभी राहिलेली संस्था अनुदान थांबलं की झोपते. कामांसाठी मात्र इतर वाटा आहेत. 15 व्या वित्त आयोगाच्या (2021-26) बंधित (ठरावीक कामांवरच खर्चायच्या) अनुदानात पिण्याचं पाणी, पावसाच्या पाण्याची साठवण आणि पाण्याचा पुनर्वापर यांना जागा होती. गाळमुक्त धरण, जलयुक्त शिवार यांसारख्या योजनांची कामं माथा ते पायथा या क्रमाने लावून घेणं, हे भागीदारीचं पहिलं खरं काम ठरू शकतं. त्यात स्वतःचे पैसे कमी लागतात, समन्वय जास्त लागतो. हद्दीबाहेर खर्च करायचा तर कायद्याची चौकट आणि शासनाची मान्यता आधी बघून घ्या. नाहीतर लेखापरीक्षणात आक्षेप येतो आणि मुख्याधिकारी पुढच्या वर्षी सही करायला धजत नाहीत.

नोंदणी कशाची करायची?

पहिली दोन वर्षं साधा सामंजस्य करार पुरे. मालमत्ता घ्यायची वेळ आली की मग संस्था की कंपनी याचा विचार करा.

पटलं नाही तर बाहेर पडता येईल का?

येईल. एक वर्षाची लेखी सूचना द्यायची, तोपर्यंतचा वाटा पूर्ण भरायचा आणि ज्या कामांना आधीच होकार दिला त्यांचं देणं फेडायचं. मोजणीची यंत्रं आणि आजवरची आकडेवारी भागीदारीकडेच राहील, मात्र बाहेर पडणाऱ्याला आकडेवारीची पूर्ण प्रत मिळेल. नदीबद्दलची माहिती कोणी कोणापासून लपवून ठेवण्याची गोष्ट नाही.

येत्या सर्वसाधारण सभेत आमच्या नगरसेवकाने काय मांडावं?

भागीदारीत सामील होण्याचा ठराव आत्ता मांडू नका. तो लगेच "किती पैसे" या प्रश्नावर अडकेल. आधी तीन छोटे ठराव घ्या. एक, आपल्या जॅकवेलवर मीटर बसवून रोजचा उपसा नोंदवायचा आणि तो दर महिन्याला पालिकेच्या फलकावर लावायचा. दोन, खोऱ्यातल्या इतर पालिकांच्या पाणीपुरवठा अभियंत्यांची एक बैठक आपल्या सभागृहात बोलवायची. चहापाण्यापलीकडे खर्च नाही. तीन, वाटणीचं सूत्र आणि मतांचं कोष्टक तपासायला दोन नगरसेवक, पालिकेचा लेखापाल आणि गावातला एखादा गणिताचा शिक्षक अशी चार जणांची समिती नेमायची. तिने युत्यांचा तक्ता करून तीन महिन्यांत सभेपुढे ठेवायचा.

मीटरचा ठराव पहिला घ्या, बाकी दोन थोडे मागे पडले तरी चालतील.